सीतेच्या कपाळावरचं कुंकू

मागच्या महिन्यात एक फोटो स्कॅन करायला दिला होता, तो परत हातात पडला त्या दिवसापासून काहीतरी टोचत राहिलंय. फोटो आमच्या कोल्हापूरच्या आजीच्या देव्हाऱ्यातला, राम-सीतेचा. जुनं घर विकलं तेव्हा पितळेच्या घागरी, सागवानी कपाट, पाटा-वरवंटा, सगळ्याची वाटणी झाली, हा फोटो मात्र कुणी मागितला नाही, म्हणून तो माझ्याबरोबर पुण्याला आला. मग दोनेक वर्षांनी एकेका भावंडाला आठवण यायला लागली, अगं तो देव्हाऱ्यातला फोटो कुठंय, आम्हाला पण एक कॉपी दे की. म्हणून हे स्कॅनिंग. दुकानातला मुलगा विशी-बाविशीचा, हात हलके, फोटो फ्रेममधून काढताना त्यानं असा काढला की मलाच बरं वाटलं. चार दिवसांनी गेले तर म्हणाला, "ताई, तुम्ही नुसतं स्कॅन सांगितलं होतं, पण फोटो फारच खराब झाला होता ना, म्हणून मी रिस्टोअर पण करून दिलाय. डाग सगळे काढले. त्याचे वेगळे पैसे नकोत." आणि त्यानं स्क्रीनवर आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी लावून दाखवला. इतक्या आनंदानं दाखवत होता की मी छान झालंय म्हणाले.

डाग म्हणजे कुंकू होतं.

या फोटोची काच माझ्या जन्माच्याही आधी फुटलेली, ती परत कुणी बसवलीच नाही, त्यामुळे आजी रोज सकाळी आंघोळ झाली की उजव्या हाताचं मधलं बोट कुंकवात बुडवून थेट कागदावर टेकवायची. रामाच्या पायाला, मग सीतेच्या पायाला, मग सीतेच्या कपाळाला. वर्षानुवर्षं. कपाळावर कुंकवाचा असा थर झाला होता की बोट फिरवलं तर खपलीसारखा लागायचा, मधे मधे काळपट, कडेला ओघळून भुवईपर्यंत आलेला. वरच्या कोपऱ्यात समईची काजळी, खाली तेलाचे थेंब पडून कागद पारदर्शक झालेला. हे सगळं त्या मुलाच्या कम्प्युटरला डाग वाटलं आणि त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. कुंकवाखाली कागद इतका विरला होता की तिथं कपाळ असं उरलंच नव्हतं, ते त्यानं आजूबाजूचा रंग घेऊन नवीन बनवलं. सुंदर बनवलंय. गोरं, गुळगुळीत, एक रेघ नाही त्यावर.

आणि त्या कोऱ्या कपाळामुळे मी पहिल्यांदा तो चेहरा बघितला. म्हणजे खरंच पहिल्यांदा. फोटो फ्रेमबाहेर काढल्यावर खालची लाकडी पट्टीआड गेलेली कडा पण उघडी पडली होती, तिथं रंग अजून ताजे आणि बारीक छापलेली अर्धीमुर्धी अक्षरं, "काश पिक्चर्स", आणि त्याच्या शेजारी "रामराज्य". तो मुलगा विचारत होता, ही कंपनी कुठली हो ताई? आणि माझं लक्षच नव्हतं, मी स्क्रीनकडे बघत होते, कारण तिथं शोभना समर्थ होती. शेजारी प्रेम अदीब. १९४३ सालचा विजय भट्टांचा सिनेमा, गांधीजींनी पाहिलेला एकमेव हिंदी सिनेमा म्हणून ज्याचं नाव घेतात तो. शोभनाबाईंचे फोटो मी कितीतरी वेळा पाहिलेत, जुन्या मासिकांत, लेखांत, त्या जोडीची कॅलेंडरं घरोघरी लागायची हे सुद्धा वाचलं होतं. पण आपल्याच घरात, आपल्याच देव्हाऱ्यात, लहानपणी जिच्यापुढे परीक्षेला जाताना हात जोडले ती तीच, हे कधी डोक्यात आलं नाही. कुंकू आणि काजळी होती तोवर ती सीता होती. धुऊन निघाली आणि नटी झाली.

यात मला काहीतरी मिळालं का काहीतरी गेलं, हे अजून ठरत नाहीये.

मला तेव्हा १९८७ आठवलं. रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं, गल्लीत आमच्याकडेच टीव्ही, त्यामुळे बाहेरची खोली भरून जायची, पोरं पुढं, बायका भिंतीला टेकून. आजी आंघोळ करून, टीव्हीपुढे निरांजन लावून बसायची. टीव्हीला हळदकुंकू पण वाहायची. पण अरुण गोविल पडद्यावर आले की दर रविवारी एकदा तरी हळूच म्हणायची, "चांगला हाय पोरगा, पर ह्यो न्हवं आपला राम." आम्ही विचारायचो, मग आपला कुठला? तर हनुवटीनं देव्हाऱ्याकडे खूण करायची. आम्हाला वाटायचं म्हातारी देवाबद्दल बोलतेय. ती एका चेहऱ्याबद्दल बोलत होती हे कळायला मला इतकी वर्षं लागली. चाळीसएक वर्षांचं जुनं नाक, जुने डोळे, मानेचा तो एक कल, ते तिच्या नजरेत इतकं बसलं होतं की दुसरा कुणी कितीही देखणा असला तरी तो परकाच.

आता असं वाटतं की त्या काळातली माणसं चेहऱ्यांकडे फार वेळ बघायची. चेहरे कमी होते म्हणून असेल. एक कॅलेंडर आलं की ते वर्षभर भिंतीवर, आणि चित्र आवडलं तर वर्ष संपल्यावर खालच्या तारखा कापून ते तसंच पुढे वीस वर्षं. विष्णुपंत पागनीसांनी १९३६ साली प्रभातच्या सिनेमात तुकाराम केला, तो पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला वगैरे ते आहेच, पण माझ्या आजीसाठी तुकाराम म्हणजे तो चेहरा, ते किंचित वर गेलेले डोळे, हातातली चिपळी. पंढरीच्या वारीला गेलेले लोकसुद्धा डोळे मिटल्यावर पागनीसांनाच बघत असतील असं मला राहून राहून वाटतं. नट आणि देव यांच्यातली भिंत इतकी पातळ होती. बिचाऱ्या शोभनाबाई मात्र प्रत्यक्षात किती वेगळ्या. घर आपल्या हिमतीवर चालवणाऱ्या, मोठ्या मुलीला पडद्यावर आणायचं म्हणून १९५० साली स्वतः सिनेमा काढून स्वतः दिग्दर्शन करणाऱ्या. आणि गावोगाव बायका त्यांच्या कपाळाला कुंकू लावतायत.

कोल्हापूरच्या माणसाला हे चित्रांचं वेड जरा जास्तच असतं. बाबूराव पेंटर आमचे, नावातच पेंटर. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, त्याआधी नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा परवडेना आणि मिळेना म्हणून कॅमेराही घरीच बनवला, आणि सिनेमा तयार झाल्यावर त्याची पोस्टरं पण स्वतःच्याच हातानं रंगवली. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर अजून शिल्लक आहे, आपल्याकडचं सगळ्यात जुनं उरलेलं पोस्टर म्हणून ते दाखवतात. आणि तो काळच बघा, मूकपटाच्या दिवसांत हजारावर सिनेमे निघाले त्यातले आज तीसच्या आसपास कसेबसे हाती लागतात. बाकीचे जळाले, कुजले, काही तर फिल्ममधली चांदी काढायला विकले गेले. चालतंबोलतं सगळं गेलं आणि स्थिर चित्र राहिलं, कुणाच्या तरी ट्रंकेत, कुणाच्या भिंतीवर. हा विचार आला की मला त्या पोस्टर रंगवणाऱ्यांबद्दल फार माया दाटून येते. त्यांना कुठं माहीत होतं की मागे उरणार ते आपलंच काम.

लहानपणी मी एकदा बॅनर रंगवताना पाहिलाय. टॉकीजच्या मागच्या बोळात कापडाचे मोठे मोठे तुकडे जमिनीवर आणि भिंतीला लावलेले, एका तुकड्यावर फक्त एक डोळा. अमिताभचा असावा, का शत्रुघ्न सिन्हाचा, नक्की सांगता येत नाही, पण तो डोळा माझ्याएवढा होता. पेंटर म्हणजे एक बनियनवाले काका, तोंडात विडी, डाव्या हातात चौकटी आखलेला छोटासा फोटो आणि उजव्या हातात हातभर लांबीचा ब्रश, आणि ते फोटोतला एकेक चौकोन बघून कापडावरचा एकेक चौकोन भरत होते. टर्पेंटाइनचा आणि अळशीच्या तेलाचा वास, नाकात चढणारा, मला अजून आवडतो तो वास, कुठं रंगकाम चालू असलं की मी उगाच रेंगाळते. जवळून बघितलं तर डोळ्याखाली चक्क हिरवा रंग, गालावर जांभळा, नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एक जाड फटकारा. मी विचारलं, काका हिरवा माणूस कुठं असतोय? तर ते म्हणाले, "तिकडं जा, रस्त्यापलीकडं, आनि मग बघ." मी गेले. पलीकडून बघितलं तर डोळा जिवंत होता. ओला होता. मला भीती वाटली आणि मी घरी पळाले.

सिनेमा उतरला की ते कापड काही लगेच फेकत नसत. पांढरा मारून त्यावर दुसरा सिनेमा, तिसरा, आणि कापड पार जड झालं की कुणीतरी घेऊन जायचं. आमच्या आजोबांनी असाच एक तुकडा आणून म्हशीच्या गोठ्यावर पावसाचं पाणी अडवायला टाकला होता, रंगाच्या थरांमुळे त्यातून थेंब आत यायचा नाही. त्यावर हेमामालिनीचा अर्धा चेहरा होता, एक डोळा, अर्धं नाक, ओठाचा कोपरा. माडीच्या खिडकीतून खाली बघितलं की ती वर आपल्याकडे बघतेय. दोन-तीन पावसाळ्यांत तिच्या गालाचा रंग पोपडे होऊन सुटला आणि खालून कुणाचीतरी मिशी दिसायला लागली, आधीच्या सिनेमातल्या कुणाची. मी आणि माझा भाऊ रोज बघायचो आज मिशी किती वर आली.

आत्तीचं खूळ वेगळं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, तिला साधनानं वेड लावलं होतं. साधना १९६० साली आली ती कपाळावर केस कापून. तिचं कपाळ मोठं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला ऑड्री हेपबर्नसारखी बट कापायला लावली आणि मग देशभरच्या पोरींनी कात्री हातात घेतली. आत्तीनं शिवणकामाच्या कात्रीनं कापले, तेही मॅट्रिकच्या वर्षी. आजीनं आठ दिवस तिच्याशी बोलणं टाकलं, कारण काय तर "कपाळ झाकलंस, कुंकू कुठं दिसणार?" हे आत्ती अजून सांगते. तिच्याकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात सिनेमाची गाण्याची पुस्तकं, ती थिएटरात काही पैशांना मिळणारी पातळ पातळ, पुढच्या पानावर नटनट्या आणि आत गोष्ट अर्धीच सांगून पुढचं रुपेरी पडद्यावर पाहा असं छापलेलं. त्या डब्यात दिवाळी अंकांची कव्हरं पण होती. दीनानाथ दलालांनी चितारलेल्या बायका आणि मुळगावकरांनी चितारलेल्या बायका, आत्ती मला शिकवायची कुणाची कुठली ओळखायला. दलालांची रेषा बोलते, मुळगावकरांची कातडी चमकते, असं ती म्हणायची आणि ते इतकं अचूक आहे की मी पुढं कितीतरी चित्रकलेवरचे लेख वाचले पण त्यापेक्षा नेमकं मला काही मिळालं नाही. मुळगावकर स्प्रेनं रंग द्यायचे, त्यामुळे त्या बायकांच्या गालांवर ब्रशची खूणच नाही, आतून दिवा लावल्यासारखे गाल.

त्या डब्यातलं एक कात्रण मला नेहमी अस्वस्थ करतं. लक्सची जाहिरात, लीला चिटणीस. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत दिसलेली ती पहिली हिंदुस्थानी नटी, आपली मराठी बाई, पदवीधर. काय तो चेहरा, आणि काय ती नजर, साबण विकतेय असं वाटतच नाही, तुम्हाला काहीतरी विचारतेय असं वाटतं. आणि त्यानंतर दहाच वर्षांनी 'आवारा'त ती राज कपूरची आई. मग आईच. खोकणारी, शिवणकाम करणारी, वाट बघणारी आई, किती सिनेमांत. मी लहानपणी तिला आई म्हणूनच ओळखायचे, त्यामुळे आत्तीनं जेव्हा ते कात्रण दाखवून सांगितलं की ही बघ तीच, मला खरं वाटेना. शेवटी ती अमेरिकेत राहायला गेली, तिथंच २००३ साली वृद्धाश्रमात वारली. ललिता पवारांचं तर त्याहून. त्या हिरॉइन होत्या, १९४२ साली शूटिंगमध्ये कानशिलात बसली, चेहऱ्याची शीर दुखावली, डोळा कायमचा बारीक झाला, आणि पुढची सगळी हयात आम्ही त्या डोळ्याला घाबरलो. त्यांचे १९३०च्या दशकातले फोटो बघताना मी दोन्ही डोळे नीट बघून घेते, एकेक करून. मधुबाला ३६ व्या वर्षी गेली त्यामुळे ती कधी म्हातारी झालीच नाही, तिच्या फोटोंकडे बघताना फक्त सौंदर्य दिसतं. पण मला लीलाबाईंच्या, ललिताबाईंच्या फोटोंपुढे जास्त वेळ थांबावंसं वाटतं, कारण त्यात पुढचं सगळं माहीत असताना आपण आधीचं बघत असतो.

हल्ली फोनवर हे सगळं ढिगानं येतं. ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत केलेले, त्यात नूतन पापण्या हलवतेय, मधुबाला मान वळवून हसतेय. मला ते आवडतं हे मी कबूल करते, रात्री झोपायच्या आधी अर्धा अर्धा तास बघत बसते. 'मुघल-ए-आझम' २००४ साली रंगीत करून आणला तेव्हा मी थिएटरात जाऊन रडले होते. तरी पण त्या हलणाऱ्या फोटोंत एक गोष्ट खटकते, ती मान वळवतेय ती तिची नाही. नूतन अशी मान वळवायची नाही. आधी तिचे डोळे थांबायचे, मग मान. बघून बघून डोळ्यांत बसलेली ही गोष्ट कुणाला समजावून कशी सांगणार.

घरी आल्यावर मी आत्तीला फोन केला. म्हटलं, आत्ती, देव्हाऱ्यातला फोटो शोभना समर्थचा आहे, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "व्हय की." इतक्या सहज. मी म्हटलं आणि आजीला? "न ठाऊक असायला काय झालं? रामराज्य बघून आलेली बाई ती. लगीन होऊन वरीस पण झालं न्हवतं, सासू घेऊन गेल्ती. सासूनं थेटराच्या दारात चपला काढल्या म्हणून हिनं पण काढल्या, आनि सुटल्यावर बघत्यात तर चपला गायब, दोघी अनवाणी घरी आल्या." मग मी तेच विचारलं जे मला खरं विचारायचं होतं, की मग माहीत असून नटीच्या फोटोला एवढी वर्षं कुंकू लावलं? आत्तीला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "नटीला कशाला लावंल? सीतेला लावलं." आणि मग तिच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी परत त्या दुकानात गेले. त्या मुलाला म्हटलं, पहिलं स्कॅन आहे का रे, डाग असलेलं? त्यानं ठेवलं होतं, फोल्डरला नाव दिलं होतं 'ओरिजिनल'. मी सगळ्या भावंडांना दोन्ही पाठवले. सांगलीच्या बहिणीनं कुंकवाचा मोठा करून लावलाय, भावानं स्वच्छ केलेला, त्याच्या मुलीला तो जास्त आवडला, ती म्हणाली केवढी सुंदर आहे ही. आहेच. मूळ फोटो मी परत त्याच फ्रेममध्ये बसवून घेतला. फ्रेमवाला म्हणाला काच टाकू ना, मी नको म्हटलं.

आणि मग काल भांडी घासताना, कसलाही संबंध नसताना, मला तो रविवार आठवला. त्याच सुमाराचा, रामायणाच्याच वर्षातला, पण संध्याकाळचा. दूरदर्शनवर 'सुजाता' लागला होता. ते फोनचं गाणं चालू होतं, सुनील दत्त तिकडून गातोय आणि इकडे नूतन नुसती रिसीव्हर कानाला लावून ऐकतेय, तिला काहीच करायचं नाहीये, फक्त ऐकायचंय, आणि चेहऱ्यावरून एकेक गोष्ट ढग सरकावा तशी सरकतेय. खोलीत कुणी बोलत नव्हतं. आजी दाराच्या चौकटीला टेकून शेंगा फोडत बसली होती. ती एकदम म्हणाली, "हिची आय हाय की आपल्या देव्हाऱ्यात."

आम्ही पोरं फिस्सकन हसलो. भाऊ म्हणाला, आजी, देव्हाऱ्यात देव असतात, नूतनची आई कशी असंल? तिनं काही समजावून सांगितलं नाही. मांडीवरची फोलपटं झटकली, पदर सारखा केला आणि परत नूतनकडे बघत बसली.